खड्ड्यातल्या गोगलगाई

ओल्या काळ्या चिखलाचा वास आला की मला अंधेरीत इमारतीच्या पायासाठी खणलेला तो खड्डा आठवतो. ऐंशीच्या दशकात मी भूशास्त्र शिकत होते. खड्ड्याच्या भिंतीत प्राचीन गोगलगाईंचे शंख होते, खाली गोड्या पाण्यातल्यांचे, वर खाऱ्या पाण्यातल्यांचे. हवामान बदलून समुद्र इथवर चढल्याचा हा पुरावा दुसऱ्या दिवशी काँक्रीटखाली गाडला जाणार होता. म्हणून सर आमच्या वर्गाला तिथे घेऊन आले होते, पण मुलगे चिखल बघून काठावरच थबकले. मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिडीवरून उतरले. "अगं, वर ये! हे मुलींचं काम नाही," सर ओरडले. "शंख घेऊनच येते, सर," मी खालून म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत एकेका थराचे डबे भरले. "कुणाला विचारून उतरलीस?" सरांनी वर आल्यावर दरडावलं. "कुणालाच नाही." आता मी शिकवते, आणि खड्ड्यात सगळ्यांत आधी मुलींनाच उतरवते.