काखेतली गाठ

गावात उंदीर मरून पडायला लागले आणि चार दिवसांत कडेगावजवळचं आमचं गाव ओस पडलं. लढाईचे दिवस होते. माझे यजमान पलटणीत, दूर कुठंतरी. सासूबाई, मी आणि माझी तीन वर्षांची लेक उसाच्या कडेला पाचटाच्या खोपीत राहायला आलो. मी मूळची सांगलीची, शहरात वाढलेली आणि जन्माची भित्री. सासूबाई कशालाच भीत नसत, म्हणून मला त्यांचीही भीती वाटायची.

प्लेगची लस टोचणारे डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, मोठ्यांनी टोचून घ्या, लहानांना नको. आठ दिवसांनी तेच डॉक्टर म्हणाले, लहानांनाही टोचा. मग काय, लस टोचायच्या जागी, बंद पडलेल्या गुऱ्हाळापुढं, रोज लोकांची कचेरी भरू लागली.

"आदी न्हाई म्हनला, आता व्हय म्हनतोय. त्येचं त्येलाच ठावं न्हाई," एक म्हातारबा म्हणाले.

"आवं, पल्टनीत आमाला किती सुया टोचल्या! मेलो का मी?" रजेवर आलेला एक जवान म्हणाला.

"तू रेडा हाईस रं गड्या. पोरास्नी सोसंल व्हय?"

सासूबाईंचा निकाल ठरलेला होता. "माज्या नातीला सुई लावायची न्हाई."

टोचून घ्या, असं माझ्या वडिलांचं सांगलीहून पत्र आलं होतं. ते मी दहा वेळा वाचलं, पण पाऊल उचलेना. मग शेजारच्या खोपीतला धडधाकट मुलगा प्लेगनं दोन दिवसांत गेला. मी लेकीला उचललं आणि गुऱ्हाळाकडं चालू लागले. सासूबाई मला न अडवता मागून आल्या. सुई दिसताच मी डोळे गच्च मिटून घेतले. लेकीची किंकाळी तेवढी ऐकली.

दुसऱ्या दिवशी पोरीला सणकून ताप भरला. ताप येईल, असं डॉक्टर म्हणालेच होते. तिसऱ्या दिवशी तिचं अंग पुसताना डाव्या काखेत माझ्या बोटांना गाठ लागली. बोराएवढी. प्लेगची गाठ काखेत येते, आणि टोचलेल्या हाताच्या काखेत नुसतं अवधाणही येतं, जखमेमुळं धरणारी साधी गाठ. पण टोचलं होतं कोणत्या हाताला? मला आठवेना. आठवायला मी पाहिलं कुठं होतं! दोन्ही दंड उजेडात धरले, तर दोन्हींवर पिसवा चावल्याचे लाल ठिपके. सुई कुठली आणि पिसू कुठली, काही कळेना. लेकीला विचारलं, तर हात लावू तिथं ती "हितं" म्हणून रडायची.

सासूबाईंना सांगायची हिंमत होईना. पण माझं तोंड बघूनच त्या उठल्या, काख चाचपली, आणि धुण्याच्या बोचक्यातून परवाचं झबलं काढून माझ्यापुढं धरलं. डाव्या बाहीला आतून हळदीचा पिवळा डाग होता.

"तू डोळं झाकून हुतीस, म्या बघत हुते. खोपीत आल्याव म्याच हळद लावली. डावाच हुता. अवधान हाय त्ये."

बोलताना त्यांचा आवाज कापत होता. त्याही भितात, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानं मी जास्तच घाबरले.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी आळीपाळीनं ती गाठ चाचपत बसलो. वाढली का, एवढंच एकमेकींना विचारायचं. तिसऱ्या दिवशी ती हरभऱ्याएवढी राहिली आणि पोरीनं भाकरी मागितली. मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी नवंच सांगितलं. एकदा टोचून भागत नाही, पुन्हा टोचायला हवं. गुऱ्हाळापुढं पुन्हा तोंडं सुटली. मी पदर सावरून बाहेर येईतो सासूबाई नातीला कडेवर घेऊन वाटेलाही लागल्या होत्या. डॉक्टरांपुढं त्यांनी तिचा उजवा दंड उघडा केला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्या बारीला तू बघ, पोरी. म्या डोळं झाकनार हाय."