ढिगातली भाकरी

कमल गेली हे मला घोडेगावच्या एसटी स्टँडवर कळलं. पंचायत समितीतलं काम उरकून डिंभ्याच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात तिच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "मावशी, आई गेली गं..." याच स्टँडवर, अशाच न आलेल्या गाडीपायी चाळीस वर्षांपूर्वी आमची ओळख झाली होती. दोघी एकाच गावात नव्यानं नांदायला आलेल्या, ती बौद्धवाडीत, मी वरच्या आळीत. गावात राहून आम्ही एकमेकींशी बोललोही नसतो. सव्वा महिना झाला, पण खरं सांगते, तिची आठवण आली की रडू कमी येतं आणि अंगात उत्साहच जास्त संचारतो. बाईच तशी होती!

आमच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत असते. आमटी देवळापुढच्या कढईत रटरटते, भाकरी घराघरातून येतात आणि धुतल्या धोतरावर त्यांचा एकच मोठा ढीग लागतो. बौद्धवाडीच्या भाकरी मात्र त्यात चालत नसत. त्यांनी शेवटी यावं, बाजूला बसून जेवावं, एवढंच. कमल पहिल्याच यात्रेला भरली दुरडी डोक्यावर घेऊन भर दुपारी हजर! "ऱ्हाऊ द्या, घरी न्या," यात्रेचे कारभारी म्हणाले. ती भांडली नाही. पंगत उठेपर्यंत तशीच उभी राहिली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. दोन्ही वर्षं मी माझ्या भाकरी ओतून, मान खाली घालून तिच्यासमोरून निघून गेले... आठवलं की आजही स्वतःचाच संताप येतो.

तिसऱ्या यात्रेच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, तुझ्या भाकरी माझ्या दुरडीत घाल, कुणाला कळणार नाही. कमल तडकली. "चोरून न्हाई. आमी काय पाप केलंय व्हय? माज्या हातानं वतीन, नायतर वतणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "हिच्या घेतल्या तरच माझ्या घ्या," मी कारभाऱ्यांना म्हटलं. मागून आमच्या आळीतल्या बायका येत होत्या. एक थांबली, दुसरी थांबली, आणि बघता बघता दुरड्यांची रांगच लागली! तिकडं पंगत बसलेली, आमटी वाढलेली आणि भाकरीचा पत्ता नाही. "आरं भाकरी आणा की राव!" असा ओरडा सुरू झाला. "वता एकदाच्या!" कारभारी वैतागले. कमलनं ओतल्या, मग आम्ही सगळ्यांनी ओतल्या. तेवढ्यात पंगतीतले एक अण्णा म्हणाले, "तिच्या कंच्या त्या सांगा, म्हंजी बाजूला काडू." सगळे ढिगाकडं बघत राहिले. सगळ्या बाजरीच्या, सगळ्या सारख्या. कमल खळखळून हसली. "हुडका की अण्णा! घावली तर मला बी दावा!" अख्खी पंगत हसली. अण्णांनीही मुकाट्यानं भाकरी कुस्करली. पुढच्या वर्षापासून बौद्धवाडी आमच्याच ओळीत बसायला लागली.

एवढं सगळं झालं आणि शेवटी कमलला नेलं ते ओढ्यापलीकडच्या स्मशानात. नदीकाठचं, शेडचं स्मशान आमचं, ते त्यांचं, अजूनही. त्या दिवशी घरी येऊन मी एक कागद लिहिला, मलाही ओढ्यापलीकडंच न्या म्हणून. सुजातानं कमलची दुरडी मला दिली होती, तिच्यात तो ठेवला. माझ्यामागं सापडेल मुलाला, असा विचार केला.

गेल्या आठवड्यात यात्रेच्या भाकरी भरायला दुरडी काढली, तर कागद हातात आला. मला हसूच फुटलं. हेही चोरूनच की गं कमल! तिथंच तो फाडला आणि नवा अर्ज लिहिला, गावाला स्मशान एकच हवं म्हणून. मुलगा वाचून म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, तेच तर ऐकायला जायचंय.

सोमवारी ग्रामसभा आहे. अर्ज दुरडीत ठेवलाय. दुरडी डोक्यावर घेऊन, भर दुपारी, गावातून चालत जाणार आहे.