गोजाबाईच्या दारातलं भूत

आमच्या पाड्यावर भूत एकच, आणि तेही गोजाबाईच्या मालकीचं. दुसऱ्या कुणी भुताचा विषय काढला की ही बाई हात झटकून म्हणायची, "तुम्ही ऐकलंय, मी बघलंय!" झालं, बाकीचे गप्प.

मी जयवंती. खोडाळ्याच्या बाजारापासून थोडा आत आमचा पाडा. तिथल्याच शाळेत मी शिकवते, आणि गोजाबाई माझी अगदी भिंतीला भिंत लागून शेजारीण. वय विचाराल तर सांगते, "बा लढाईला गेला तवा मी नुकती शेरडांमागं जाय लागली होती." आता तुम्हीच काय तो हिशेब करा. पाठीत पार वाकलीय, पण तोंड म्हणाल तर धारदार. वर्गात पोरांनी फारच दंगा मांडला की मी तिला हाक मारते. ती नुसती दारात येऊन उभी राहिली तरी वर्ग चिडीचूप. आणि मग ती पोरं मलाच म्हणतात, बाई, आजीला भुताची गोष्ट सांगायला लावा ना!

ती गोष्ट मी स्वतः परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आलेय. गोजाबाईचा बाप लक्ष्या. झाडं तोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. इंग्रजांच्या मोठ्या लढाईत जव्हारच्या एका ठेकेदारानं आमच्याकडचे लाकूडतोडे गोळा केले आणि ब्रह्मदेशाच्या हद्दीवर रान कापून सडक बांधायला नेले. पुढे त्यातला एक जण परत आला. तो म्हणाला, पटकीनं टोळीची टोळी साफ झाली. मग गावानं रीतीप्रमाणे सगळं केलं. देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा लक्ष्या केला, त्याला जाळलं, आणि शेताच्या कडेला त्याच्या नावाचा दगड रोवला. आमच्याकडे त्या दगडाला चिरा म्हणतात.

"आणि मग एक दिस," इथं गोजाबाई आवाज खाली आणायची, "भर दुपार. आजा खळ्यावर. आई जामसरला तिच्या माहेरी. मी घरात एकली. बघते तर दारात ते उभं! खाकी सदरा, डोक्याला केस नाय, डोळे आत गेलेले. मना म्हणतं, 'गोजे, पाणी दे गं.' अगदी बाचा आवाज! पण मी काय येडी? आजानं सांगून ठेवलेलं, जाळलेला माणूस फिरून आला तर पाणीच मागतो, आणि दिलं की घरातलं पोर घेऊन जातो. मी ओढली ताटी, आतनं लावलं मुसळ, आणि ठोकली बोंब! खळ्यावरचे बापये पेटती लाकडं घेऊन धावले. पार रानात पिटाळला त्याला. परत तोंड नाय दाखवलं मेल्यानं!"

इथं पोरं टाळ्या वाजवायची आणि गोजाबाई पदर सावरून इकडेतिकडे बघायची. काय तो तोरा! नवरा घरजावई, म्हणून लग्नानंतरही ती बापाच्याच घरात राहिली. पुढे ते कुडाचं घर पाडून घरकुल बांधलं, तेव्हा गवंड्याशी भांडून तिनं दार जुन्याच जागी ठेवायला लावलं. दारापुढे सिमेंटसुद्धा ओतू दिलं नाही. "हितं मी भूत अडवलंय," म्हणाली. पावसाळ्यात तिथं चिखल होतो, सुनेची आदळआपट चालते. पण बाई हटली नाही.

एक गोष्ट मात्र तिला खात होती. परमुलखात मेलेल्या माणसाच्या चिऱ्याखाली तो मेला तिथली चिमूटभर माती घालायची, असं आमच्याकडे जुनी माणसं मानतात. त्याशिवाय तो चिऱ्यात येऊन बसत नाही, फिरत राहतो. लक्ष्याच्या चिऱ्याखाली ती माती नव्हती. तो नेमका कुठं मेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणून तर तो दारात आला," ती म्हणायची. "मी डोळे मिटायच्या आधी त्याला माती मिळू दे. नायतर मी वर जाईन आणि हा खालीच भटकेल."

आता माझा धाकटा भाऊ हेमंत. जव्हारला सरकारी कचेरीत कारकून आहे. त्याला पुस्तकांचं वेड, आणि त्यातही लढाईच्या काळातल्या, कुणाला ठाऊक नसलेल्या हकिगतींच्या पुस्तकांचं. राजे, सेनापती नकोत त्याला. सैन्याचे आचारी कोण होते, खेचरं कोण हाकायचं, पूल कुणी बांधले, असलं काहीतरी शोधत बसतो. मी त्याला चिडवायची, अरे हेम्या, बायकोच्या साडीला पैसे नसतात आणि मेलेल्या खेचरांवर पुस्तकं घेतोस! पण खरं सांगायचं तर हे वेड त्याला गोजाबाईनंच लावलं. तो कॉलेजला गेला तेव्हापासून ती त्याच्या मागे, "हेमंता, एवढी बुकं वाचतोस, एखाद्यात माझ्या बाची टोळी असंल रं. कुठं मेली तेवढं बघ." नवं पुस्तक आणलं की रविवारी तो तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचा, आणि ती कोरा चहा घेत ऐकायची. संपलं की विचारायची, "नाय ना?" तो म्हणायचा, "नाही आजी." "बरं, पुढचं आण."

या दिवाळीनंतरच्या रविवारी तो आला तो गाडी नीट लावायचंही विसरला. चेहरा असा की मला वाटलं, घरी कुणाचं काही झालं. चहा नको, पाणी नको. चुलीशी माझ्या हातात पुस्तक दिलं, पान उघडून. "ताई, आधी तू वाच."

मी तव्यावर नागलीची भाकर टाकलेली. ती तशीच जळून कोळसा झाली, मला वासही आला नाही.

पुस्तकात त्या सडकेवर राबलेल्या मजुरांच्या हकिगती होत्या. त्यातली एक घोटीच्या भातगिरणीतल्या एका हमालाची. लेखकाचे वडील त्या गिरणीत कारकून होते, म्हाताऱ्या हमालानं मरायच्या आधी त्यांना सगळं सांगितलेलं. नाव लक्ष्या. खोडाळ्याकडचा. पटकीतून वाचला, पण तापानं कितीतरी महिने दवाखान्यात पडून राहिला, डोक्यावरचे केस गेले. सुटल्यावर घरी आला. दारात त्याची लहान मुलगी होती, गोजी. त्यानं तिच्याकडे पाणी मागितलं.

अगं बाई! मी तेच पान पुन्हा वाचलं. ज्या गोष्टीवर आम्ही जन्मभर हसलो, टाळ्या वाजवल्या, ती ही? ते भूत नव्हतं? जिवंत माणूस होता? ज्यांच्याबरोबर झाडं तोडली त्यांनीच पेटती लाकडं घेऊन त्याला पिटाळला?

"हेम्या, हे तिला सांगायचं नाही," मी म्हटलं. "पुस्तक परत घेऊन जा. जाळून टाक. काय वाटेल ते कर."

"ताई, ती जन्मभर हेच विचारतेय."

"ती माती विचारतेय! हे नाही विचारत! मरायला टेकलेल्या बाईला तू असं सांगणार? अक्कल गहाण टाकलीस का?"

"आणि उद्या ती विचारेल, 'नाय ना?' तर मी तिच्या तोंडावर नाही म्हणू?"

"हो, म्हण!" मी ओरडले. आणि मागे वळले तर दारात गोजाबाई. भाकर जळल्याचा वास आला म्हणून बघायला आलेली. तिनं किती ऐकलं कोण जाणे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गावलं?" तिनं हेमंतला विचारलं. त्यानं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. "गावलं तर वाच. चल, ओट्यावर."

तो वाचायला लागला. टोळीचं, पटकीचं, दवाखान्याचं वाचलं. ती मान डोलवत होती, जगला गं माझा बा, असं एकदा पुटपुटली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. मग लक्ष्या घराच्या दारात येतो तिथं हेमंत वाचायचा थांबला.

"वाच."

"आजी, राहू दे ना..."

"वाच रं पोरा."

त्यानं वाचलं. मुलीनं ताटी ओढल्याचं, लोक धावून आल्याचं. गोजाबाईचं तोंड उघडं तसंच राहिलं. मी जवळ जाऊन तिचा हात धरला, तो थंडगार. पुढचे शब्द लक्ष्याचेच होते, मला ते पाठ झालेत: 'मी फिरून गेलो नाही. गावानं जाळलेला माणूस घरात घेऊ नये, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं. रानात रात्र काढली तेव्हा मलाच वाटायला लागलं, आपण खरंच मेलो असू. पोरीला माझ्यापायी काही झालं असतं तर?'

म्हणजे बघा! तोही आमच्यातलाच. त्यालाही स्वतःची भीती वाटली. पोरीला आपली बाधा होऊ नये म्हणून हा माणूस जिवंतपणी भूत होऊन राहिला, आणि कुठं, तर घोटीला! ब्रह्मदेशात नाही, आसामात नाही. खोडाळ्याहून जीपनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं त्या घोटीला. आमची माणसं पिढ्यान्पिढ्या तिथं भात घेऊन जातात. मला तर कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

शेवटच्या ओळी हेमंतनं कशाबशा वाचल्या. 'सुगी झाली की आमच्याकडच्या गाड्या गिरणीवर यायच्या. मी तोंडाला फडकं बांधून असायचो. मुलगी लगीन होऊन नवऱ्याबरोबर यायला लागली. मी दर साली तिला पाणी द्यायचो. नाव सांगितलं नाही. घाबरली असती.'

गोजाबाईच्या घशातून एक आवाज निघाला. रडणं नव्हे, मी तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

"फडकेवाला," ती म्हणाली. "अगं जयवंते, तो फडकेवाला म्हातारा! गाडी थांबली की तांब्या घेऊन हाजिर. माझ्या नवऱ्याला नाय द्यायचा, मनाच आधी. मी त्याला मामा म्हणायची गं. मामा म्हणायची!" आणि तिनं दोन्ही हातांनी तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. मी आणि हेमंतनं मिळून तिचे हात धरले. ऐकेना. "तू एवढीशी होतीस आजी," मी म्हणत होते, "तुला काय कळत होतं!" तेच तेच म्हणत होते, दुसरं काय म्हणणार? माझंही रडू थांबत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. हेमंत तिच्या पायाशी बसून म्हणाला, "आजी, उद्या मी रजा टाकतो. आपण घोटीला जाऊ. गिरणीची जागा शोधू. तिथली माती आणू, तुझ्या मनासारखं होईल."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तोच वेडा आहे.

"घोटीला कशाला?"

ती उठली. घरातून विळा आणला, आणि आपल्या दारापुढे, सिमेंट ओतू न दिलेल्या त्या तुकड्यावर बसून जमीन खरवडायला लागली. सून बाहेर आली, काय चाललंय म्हणून बघत राहिली. माती सुटली तशी गोजाबाईनं ती पदरात घेतली.

"बा घोटीला नाय मेला," ती म्हणाली. "हितं मेला."

मग आम्ही तिच्यामागून चिऱ्याकडे निघालो. विळा हेमंतनं घेतला, मातीचा पदर मी सांभाळला. पाण्यानं भरलेला तांब्या मात्र तिनं कुणालाच धरू दिला नाही.