आभार मानून झाले तरी

आमच्या आरमोरीच्या कॉलेजात नागरी हक्कांसाठी लढणारे दोन कार्यकर्ते बोलायला येणार होते. प्राचार्यांनी सतरंज्या झटकून घेतल्या आणि आम्हाला बजावलं, प्रश्न विचारायचेच तर चांगले विचारा. मला हसू आलं. माझा प्रश्न तयार होता आणि तो चांगलाच होता.

मी जंगलातल्या गावची. मोहाची फुलं गळायला लागली की आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही, पहाटेच टोपल्या घेऊन सगळे झाडाखाली. त्या उन्हाळ्यात मीही गेले. परतले तर कळलं, हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसता येणार नाही. माझ्यासारखे आणखी बरेच होते. पण वर्ष वाया गेलं की मुलीला घरी बसवतात, आणि पुढे लग्नच लावतात, हे मी गावात पाहिलेलं होतं.

पाहुण्यांपैकी वकीलबाई छान बोलल्या. पोलिसांनी उचललं तर काय विचारायचं, ग्रामसभेला कोणते अधिकार आहेत, सगळं सोपं करून सांगितलं. त्या थांबल्या तशी मी उभी राहिले.

"बाई, मी मोहा वेचाले गेली होती. म्हून मले परीक्षेले बसू देऊन नाई राह्यले. हे बराबर हाये का?"

प्राचार्यांचा चेहरा पडला.

"मला तरी बरोबर वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण निर्णय तुमच्या प्राचार्य सरांचा आहे. त्यांनाच विचारू."

सरांनी घाईघाईनं आभार उरकायला सांगितले. आभार झाले, टाळ्या झाल्या. पण कुणी उठलंच नाही.

सरांना वाटलं, आम्ही धरणं धरलं. कसलं धरणं! आमच्या गावांत सभेत विषय निघाला की तो मिटेपर्यंत कुणी उठत नाही, मग चुलीवरचं जेवण थंड होवो. आम्ही आपले सवयीनं बसून राहिलो होतो. आमचं पाहून आरमोरीतली पोरंही बसली.

"अरे, उठा ना आता!" सर म्हणाले.

"सर, ठरलं कुठी अजून?" मागून एकजण अगदी आदरानं म्हणाला.

दोन्ही पाहुणे खुर्च्या सोडून आमच्यात येऊन बसले. स्टेजवर सर एकटेच उरले. त्यांनी रुमालानं मान पुसली.

"बरं बाबा, बसा परीक्षेला. सगळे बसा."

मला रडूच फुटलं, खरं सांगते. पण आम्ही उठलो नाही. पुढच्या वर्षीच्या मोहाचं अजून ठरायचं होतं.