जातो की येतो

चाळिशीला टेकल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायची पाळी माझ्यावर आली, आणि तीही माझ्याच शाळेनं आणली. बोईसरच्या एका इंग्रजी शाळेत मी चौदा वर्षं पेटीवर मुलांना गाणी शिकवत होते. मग नवी मॅनेजमेंट आली, पेट्या अडगळीत गेल्या आणि कीबोर्ड आले. मला बोलावून सांगितलं, वर्षभरात पाश्चात्त्य संगीताची परीक्षा पास व्हा, नाहीतर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. चहा मात्र पाजला.

पालघरला एक सर शिकवायचे, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवून म्हातारे झालेले. माझी बोटं बरी चालली. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, तेही कानाला लागले. मेजर की मायनर, म्हणजे खुशीतला की उदास, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखायला लागले. लहानपणी सातपाटीला आई मासे विकून परतली की गल्लीच्या तोंडाशीच मला हाक मारायची, आणि त्या एका हाकेवरून मला कळायचं, पाटी रिकामी झालीय की निम्मी परत आलीय. तेच हे. सर म्हणाले, "बाई, तुमचा कान तयार आहे." मीही हुरळले. मूर्ख कुठली!

घोडं अडलं ते कॅडेन्सपाशी. गाण्याची ओळ थांबते तिथले शेवटचे दोन कॉर्ड म्हणजे कॅडेन्स. ओळ पुरती संपली तर परफेक्ट, लटकत राहिली तर इम्परफेक्ट. सर वाजवायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून ओळखायचं. मला दर वेळी वाटायचं, अजून संपलेलं नाही.

सर एकदा वैतागले. "अहो, पाहुणा 'जातो' म्हणाला आणि दार लागलं, ते परफेक्ट. 'येतो' म्हणून उंबऱ्यात घुटमळला, ते इम्परफेक्ट. यात काय कठीण आहे?"

"सर, आमच्यात 'जातो' कुणी म्हणतच नाही."

"आमच्यात तरी कुठं म्हणतात? समजा हो!"

तेच समजता येईना. वडील होडीवर निघताना 'येतो' म्हणायचे. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा बंदरावरून 'बाबा गेले, बाबा गेले' असं ओरडत घरी आले, तर आईनं फाडकन मुस्काटात दिली. "गेले नाय बोलायचं! येतील बोल." तो हात माझ्या कानात अजून बसलाय की काय, देव जाणे.

वर्षभर मी मोबाइलवर तेच दोन कॉर्ड ऐकले. भाजी चिरताना ऐकले, कपडे वाळत घालताना ऐकले. कधी बरोबर यायचं, पण तो अंदाज असायचा आणि ते मला कळायचं. स्वतःचा इतका राग यायचा की इयरफोन भिरकावून द्यायचे, आणि मग पलंगाखाली हात घालून शोधत बसायचे.

परीक्षा मुंबईत झाली. परीक्षकांनी ओळ वाजवली. शेवटचे दोन कॉर्ड शांतपणे येऊन बसले, आणि माझ्या मनात 'येतो' उमटलं. "इम्परफेक्ट," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. थोड्या मार्कांनी मी नापास झाले. सर फोनवर म्हणाले, पुन्हा बसा. शाळेकडं 'पुन्हा' नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी कपाट रिकामं करत होते. शेजारच्या हॉलमध्ये नव्या बाई कीबोर्डवर प्रार्थना वाजवत होत्या. पोरगी चांगली वाजवते, खोटं कशाला बोलू. प्रार्थनेची शेवटची ओळ आली, शेवटचे दोन कॉर्ड पडले, आणि मला लख्ख ऐकू आलं. परफेक्ट. अंदाज नव्हता, शंका नव्हती. वर्षभर जे कानात शिरेना ते आता शिरलं होतं, आणि विचारणारं कुणी नव्हतं.

फाटकापाशी घंटा देणाऱ्या मावशी उभ्या होत्या. चौदा वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांना 'येते' म्हणूनच निघायचे. त्या दिवशी म्हणाले, "जाते, मावशी."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "अवं बाई, जाते नाय बोलायचं. येते बोला."

त्या हात सोडीनात, आणि माझ्या तोंडून 'येते' निघेना.