राबविल्याबद्दल

दोन हजार दोन सालच्या पर्यावरण दिनाला आमच्या शीतलछाया कॉलनीत आगीचा बंब का आला होता, असं कोणी विचारलं की माझी बायको सरिता माझ्याकडे बोट दाखवते आणि आत चहा ठेवायला निघून जाते. पुढचं मला एकट्यालाच सांगावं लागतं.

मी जयराम. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो. माझं टिपण साहेब न वाचता सही करायचे, इतकं माझं मराठी पक्कं. तीस वर्षांत माझ्या वेलांटीत कोणी चूक काढली नाही. निवृत्त झालो तशी कॉलनीने सेक्रेटरीपदाची झूल माझ्या पाठीवर टाकली आणि मीही ती मिरवत फिरलो, खोटं कशाला बोलू.

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत झाडं उदंड. बदाम, गुलमोहर, अशोक. पानगळ सुरू झाली की रोज सकाळी फाटकाफाटकापुढे एकेक ढीग आणि ढिगाला काडी. वाळत घातलेल्या बनियनलासुद्धा धुराचा वास. त्या वर्षी मी ठरवलं, जाळणं बंद, सगळ्या पाल्याचं खत करायचं. ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द मी नुकताच एका व्याख्यानात ऐकला होता आणि तो कुठेतरी वापरल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

खत करणार कोण, तर बागेचा माळी हिरामण. हिरामण पेठ तालुक्याच्या डोंगरातला. दर वर्षी भात कापून झाला की तो आणि त्याची बायको पुतळाबाई नाशिकला यायची, द्राक्षबागेत नाहीतर बांधकामावर मिळेल ते काम करायची, आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. त्या वर्षी त्यांना आमच्या बागेतली पत्र्याची खोली मिळाली होती. मी हिरामणला शब्द दिला होता, की पर्यावरण दिन नीट पार पडू दे, तुला कायम करून टाकतो.

खोलीत भिंतीला एक मोठा खिळा होता आणि त्याला पोतं टांगलेलं. पोत्यात सगळा संसार. बाहेर एक तवा, एक पातेलं, दोन ताटल्या. मी एकदा विचारलं, भांडी का सोडत नाही बाई? तर म्हणाली, कायम झालो का सोडीन. अठरा वर्षं ती ते पोतं वर्षातून दोनदा बांधत होती आणि दोनदा सोडत होती. म्हणाली, माझ्या हाताला आता त्या गाठीचाच राग येतो.

तर मी हिरामणला लेखी सूचना दिली. तोंडी कामावर माझा विश्वास नाही. ‘पर्यावरण दिनापूर्वी उद्यानात पालापाचोळा मोहीम राबवावी.’ हिरामण चौथी शिकलेला. त्याने बोट ठेवून वाचलं.

“पाला राबवायचा?”

“राबवायचा.”

“सगळाच?”

“एक पान शिल्लक राहता कामा नये.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. पुढाऱ्याने नाव घेऊन हाक मारावी, तसा तो खूश झाला. मला वाटलं, माझ्या भाषेचा परिणाम.

आता त्यांच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी काय करतात, तर वाफ्यावर शेण पसरतात, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पाला, वरून माती, आणि मग ते सगळं पेटवून देतात. ह्याला राब म्हणतात. राब भाजतात. हे मला, पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला, अजिबात ठाऊक नव्हतं. मी लिहिलं राबवावी आणि त्याने वाचलं राब. शहरातल्या लोकांनी पहिल्यांदाच त्याला येत असलेलं काम सांगितलं होतं.

दहा दिवस नवरा-बायको खपली. मखमलाबादच्या गोठ्यातून शेण आणलं, कॉलनीचा पाला गोळा केला, बागेच्या मधोमध असा देखणा वाफा रचला की काय सांगू. मी व्याख्यानात मिळालेली खताची पुस्तिका हातात धरून पाहणी केली. शेण, पाला, माती. सगळं पुस्तिकेबरहुकूम. फांद्या जरा जास्त वाटल्या, पण म्हटलं हवा खेळायला ठेवल्या असतील. मी त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, साहेब, पाच तारखेला बघाच.

पाच तारखेला आम्ही बघितलंच.

व्यासपीठावर फलक, ‘धूरमुक्त शीतलछाया’. अक्षरं माझी. प्रमुख पाहुणे म्हणून एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य, अतिशय सज्जन गृहस्थ. समई मांडली होती, पण वाऱ्याने ती पेटती राहीना. चार काड्या गेल्या, पाचवी गेली. मी माइकवर स्वरचित स्वागतपर चार शब्द वाचत होतो. चार शब्दांची चार पानं होती, त्यामुळे मान वर काढायला सवड नव्हती. तेवढ्यात हिरामण स्वच्छ टोपी घालून पुढे झाला, पेटता टेंभा पाहुण्यांच्या हातात दिला आणि अदबीने त्यांना वाफ्याकडे घेऊन गेला. पाहुण्यांना वाटलं, दीपप्रज्वलनाचीच ही काहीतरी लोकपरंपरा असेल. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि वाफ्याला चारही कोपऱ्यांनी आग लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून मला वाटलं, माझा परिच्छेद आवडला.

नीट रचलेला राब भडकत नाही, धुमसतो. हिरामणने तर फारच नीट रचला होता. असा काही धूर निघाला की पहिल्या रांगेला दुसरी रांग दिसेना. प्राचार्य बिचारे कर्तव्य म्हणून ग्लोबल वॉर्मिंगवर बोलत राहिले, दर वाक्यानंतर खोकत. फलकातला ‘मुक्त’ कुठेच दिसत नव्हता, ‘धूर’ तेवढा दिसत होता. कोणीतरी फोन केला आणि आगीचा बंब आला. तर हिरामण हात पसरून बंबापुढे उभा! भाजत्या राबावर पाणी मारतात का, म्हणे, तीन दिवस तरी राहू द्या. शेवटी बंबवाल्यांनी पाणी मारलं, पाहुण्यांसाठी आणलेले बटाटेवडे खाल्ले आणि आम्हाला समज देऊन ते निघून गेले.

रविवारी सभा. हिरामणला काढून टाकायचं, एवढा एकच विषय. सगळ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली आणि मी, सांगायला लाज वाटते, गप्प बसलो. मग त्याला बोलावून विचारलं, बाबा रे, असं का केलंस? त्याने खिशातून माझी सूचना काढली. घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. म्हणाला, साहेबांनी राबवा लिहिलंय, मी राबवला.

सभेने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि समजावलं, की राबविणे म्हणजे अमलात आणणे, तडीस नेणे, शासकीय परिभाषेत हा रूढ शब्द आहे. दारात पुतळाबाई उभी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“मंजे तुम्ही लिवायचं आन् आमी राबायचं, असंच ना?”

सभा इतकी हसली, की हसून हसून कोणाची तरी खुर्ची मोडली. मी हसलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शब्दाचा अर्थ मला कोणी नीट सांगितला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी आहे, काढायचं तर मला काढा. दुसरा सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून दोघंही राहिलो. पण हिरामणला कायम करायचा विषय पुढच्या सभेवर गेला. पोतं खिळ्यालाच राहिलं.

मग मी पुस्तिका घेऊन बागेत उतरलो. हिरामणला खत पटेना. न भाजता पाला कुजवायचा म्हणजे त्याला आळशी माणसाचं काम वाटायचं. शेवटी पैज लागली, आणि पैजेपायी त्या पावसाळ्यात ती दोघं गावी गेलीच नाहीत. अर्धवट भाजलेल्या राबावर त्याने नागली, म्हणजे आपली नाचणी, पेरली. शेजारी मी पाला कुजवलेल्या खतावर नागली पेरली. मी म्हणजे मी स्वतः, धोतर खोचून. पावसाळाभर ढीग मीच उलटापालटा केला आणि माझ्या कमरेने त्याची नोंद घेतली. भाद्रपदात त्याची नागली गुडघ्याएवढी आणि माझी कमरेएवढी. हिरामण दोन दिवस दोन्ही वाफ्यांच्या मधे उकिडवा बसून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आमच्या आज्यानं उगाच धूर खाल्ला, साहेब.

तिथून तो जो पिसाळला, त्याला आवर घालणं कठीण. हातात पाण्याची बादली घेऊन सकाळी कॉलनीत फिरायचा. धूर दिसला की ओतली बादली. आमच्या कॉलनीतलं संपलं तसा शेजारच्या कॉलन्यांत घुसला. शिव्या खाल्ल्या, पण जिथे शिव्या खायचा तिथेच संध्याकाळी जाऊन ढीग कसा लावायचा ते शिकवायचा. सहा कॉलन्यांत त्याने खताचे ढीग लावले. जानेवारीत एकदा मी अंगाला तेल चोळून ऐन थंडीत पाण्याची वाट बघत बसलोय, तर ह्या पठ्ठ्याने परसातला आमचा पाणी तापवायचा बंब विझवला. म्हणे, धूर दिसला. मी त्या दिवशी आंघोळ करताना काय काय बोललो, ते सरिताने गल्लीभर सांगितलं.

एवढं सगळं होऊनही त्याचं कायम करणं दर सभेत पुढे ढकललं जात होतं. कोणी म्हणे बघू, कोणी म्हणे हा पावसाच्या तोंडावर जाणारच. मे महिना उजाडला. पुतळाबाईने तवा आणि पातेलं घासून पोत्यात टाकलं, हे मी स्वतः पाहिलं. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वॉर्डातून आमच्या नावाने प्रशस्तिपत्रक आलं. रंगीत, कडेला वेलबुट्टी. ‘परिसरात पालापाचोळा मोहीम राबविल्याबद्दल श्री. जयराम, सेक्रेटरी, यांस सन्मानपूर्वक.’ ते माझ्या हाती द्यायला सभा भरली. हार आणला होता. सगळे म्हणाले, दोन शब्द बोला. त्यांनी माझ्या हातातले कागद बघून आधीच खुर्च्या मागे सरकवल्या होत्या.

मी बोललो नाही. खिशातून लाल पेन काढलं. कार्यालयात दुसऱ्यांचे मसुदे ज्याने दुरुस्त करायचो, तेच पेन. ‘राबविल्याबद्दल’मधला ‘वि’ खोडला. राहिलं ‘राबल्याबद्दल’. मग माझं नाव खोडलं, वर ‘श्री. हिरामण व सौ. पुतळाबाई’ लिहिलं आणि समासात बारीक सही केली, कारण खाडाखोडीवर सही लागते. व्याकरण जरा लंगडलं. म्हटलं, लंगडू दे. मग ते पत्रक सभेत मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, आता कायम करायचं की नाही? एकही हात विरोधात वर गेला नाही.

हिरामण पत्रक घेऊन खोलीकडे गेला. मागोमाग मी. पुतळाबाईने ते वाचून घेतलं, माझ्याकडून दोनदा. मग खिळ्यावरचं पोतं उतरवलं, खाली बसून दातांनी गाठ सोडली, कारण हाताने सुटेना, आणि एकेक भांडं फळीवर मांडलं. तांब्याचा हंडा, परात, तीन वाट्या, पळी. खिळा रिकामा झाला तशी तिने पत्रक तिथे लावलं.

“आता ह्यो खिळा कामाचा झाला,” ती म्हणाली, आणि मला विचारलं, चहा घेणार का. चूल पेटवायची म्हणून हिरामण तिला अडवायला लागला. त्यावर ती जे बोलली, ते शासकीय परिभाषेत बसत नाही.