सीलबंद पुस्तकातली सावली

मंडळी, सकाळपासून आपल्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे: पुढची सचित्र आवृत्ती कोणत्या कादंबरीची येणार, आणि चित्रं रंगीत असणार का? सगळ्यात जास्त मेसेज माझेच, कबूल.

दुपारी बाबा शेजारी येऊन बसले. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, यंत्रांचे आराखडे काढण्यात गेली. म्हणाले, "एवढं काय टाइप करून राहिला बे?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या कपाटाकडे बोट दाखवलं. "अन् त्या पुस्तकांत कोणते चित्रं हायेत?"

ती मी तरी कुठे पाहिलीत? पाचही पुस्तकं प्लास्टिकच्या सीलमध्येच आहेत. सील फोडलं की आवृत्तीचा मान गेला, हे आपणच ठरवलंय ना!

"मंग मले तरी दाखव."

नाही म्हणवलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून मागवलेली, दोन वर्षं जिचं कौतुक करतोय ती आवृत्ती फोडली. पहिलंच चित्र पाहून बाबा म्हणाले, "दिवा डावीकडे, अन् सावली बी डावीकडेच? चुकलं हे."

खरंच चुकलंय. दोन वर्षांत आपल्यापैकी कुणीच कसं बोललं नाही?

खरं सांगा, तुमचीही सीलबंदच आहे ना?